रिपोर्टाच्या आधी

वीज गेली आणि पडद्यावरचं वाक्य अर्ध्यावर तुटलं.

‘ज्यू कुटुंबांतील स्त्रियांमध्ये स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका...’ एवढंच वाचून झालं होतं. ते पान उघडायला वीस मिनिटं लागली होती. वरून खाली, एकेक ओळ... तेव्हाचं इंटरनेट असंच उतरायचं. मुनिरका गावातल्या तळघरातला तो सायबर कॅफे. भर दुपारी तिथे मिट्ट काळोख झाला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे देवा, आत्ताच जायचं होतं का हिला!"

शेजारच्या खुर्चीवरून अगदी शांत आवाज आला, "जनरेटर लावून राहिला तो. दोन मिनिटं थांबा जी."

मराठी! आणि तेही ‘जी’ लावून! तासभर शेजारी बसून आम्ही दोघं त्या कॅफेवाल्याशी हिंदीत भांडत होतो — माझा प्रिंटर चालत नव्हता, त्याचा माउस.

जनरेटर घरघरला. दिवा लागला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. हातानं विणलेला राखी स्वेटर, एक बाही दुसरीपेक्षा चांगली दोन बोटं लांब. त्या लांब बाहीत त्याची बोटं लपली होती.

"आईनं विणलाय," माझी नजर बघून तो म्हणाला. "एक बाही दिवाळीत केली, दुसरी संक्रांतीला. मधे माप विसरली."

मला हसू आलं. त्या आठवड्यात मी पहिल्यांदाच हसले असेन.

जानेवारी दोन हजारची गोष्ट. एक तारखेला जगभरचे कॉम्प्युटर बंद पडणार म्हणून केवढा गवगवा झाला होता! ते काही पडले नाहीत. मुनिरक्याची वीज मात्र नेमानं पडत होती.

माझं नाव अबिगेल आवसकर. घरी अबी. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. अलिबागजवळच्या आवास गावाचे म्हणून आवसकर. पपा रेल्वेत होते, बदलीवर दिल्लीला आले आणि इथलेच झाले. रिटायर होताना त्यांनी द्वारकेच्या एका सोसायटीत फ्लॅट घेतला. तेव्हा द्वारका म्हणजे काय, तर वाळूचे ढीग, पाण्याचे टँकर आणि डोक्यावरून घरघरत जाणारी विमानं. आमच्या बिल्डिंगमध्ये चौदा घरं आणि राहणारी कुटुंबं तीन. तिथून मी रोज गुडगावला जायची, काचेच्या एका नव्याकोऱ्या इमारतीत. कानाला हेडफोन लावून अमेरिकेतल्या डॉक्टरांचं बोलणं ऐकायचं आणि टाइप करायचं, हे माझं काम. गुडघे, मूतखडे, रक्तदाब... दिवसभर परक्या माणसांची दुखणी.

आणि एके दिवशी त्या हेडफोनमध्ये एक डॉक्टर म्हणाला, पेशंट ज्यू आहे, तिची आई आणि मावशी दोघींना कॅन्सर झाला होता, तेव्हा तिची जनुकीय तपासणी करावी.

माझी बोटं थांबली. माझी आई एक्केचाळिसाव्या वर्षी स्तनाच्या कॅन्सरनं गेली, तेव्हा मी चौदाची होते. आणि महिन्यापूर्वीच इस्राएलमधून, अश्दोदहून, रिबेका मावशीचा ई-मेल आला होता — रोमन अक्षरांत लिहिलेलं मराठी. ‘अबी बाळा, माझ्या पोटात निघालंय. अंडाशय. पपांना सावकाश सांग.’

म्हणून मी मुनिरक्याला उतरले. द्वारकेत एक कॅफे होता, पण तिथे सगळे ओळखीचे. शेजारच्या काकूंचा मुलगाच तो चालवायचा. आणि माझं तर लग्नाचं चाललं होतं!

"पान परत उघडून देऊ?" स्वेटरवाल्यानं विचारलं. मग जरा घुटमळून, "मी... मथळा वाचला. मुद्दाम नाही. तुम्हांला नको असेल तर मी पलीकडच्या मशीनवर जातो."

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही. संघपाल रंगारी. भंडाऱ्याचा. इथे युनिव्हर्सिटीत पीएच.डी. करतो. जनुकांवरच, पण... तांदळाच्या."

"तांदळाच्या?"

"हो. तुम्ही बासमती असता तर मी आत्ता सगळं सांगितलं असतं."

मी उठून जायला हवं होतं. पण मी म्हटलं, "जनुक म्हणजे नेमकं काय हो? दिल्लीच्या शाळेत शिकले मी. असले मराठी शब्द मला येत नाहीत."

त्यानं खुर्ची ओढली. दोघांच्या मधे बरोबर एका खुर्चीचं अंतर ठेवून.

दोन गुरुवार लागले ते पान पुरं वाचायला. युरोपातून आलेल्या ज्यूंमध्ये चाळिसात एकाला हा दोष असू शकतो, नेहमी आढळणारे बदल तीन, त्यांची तपासणी करता येते, असं सगळं त्यात होतं. मी घाबरून ऐकत होते. संघपाल मधेच थांबला.

"अबिगेलजी, तुमचे आजोबा पोलंडचे होते का?"

"आवासचे. तेल गाळायचे त्यांचे आजोबा. शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून आम्हांला शनवार तेली म्हणत."

"मग हे पान तुमच्यासाठी नाही. यात ‘ज्यू’ लिहिलंय खरं, पण हे युरोपातल्या ज्यूंविषयी बोलतंय. तुमच्यात हे तीन बदल असतील, नसतील, किंवा चौथाच एखादा असेल. हे पान वाचून तुम्ही घाबरणंही चूक आणि निश्चिंत होणंही चूक."

"मग आमच्याविषयी कुठे लिहिलंय?"

त्यानं शोधलं. बेने इस्राएल, कॅन्सर, जनुक. पडदा पांढरा राहिला, मग एक ओळ आली — काही सापडलं नाही. शब्द बदलून पुन्हा शोधलं. पुन्हा तेच.

मला रडू यायला लागलं. कशाचं, ते धड कळेना. भीतीचं तर होतंच, पण दुसरंही काही होतं... इतक्या मोठ्या जगात आमची कुणाला साधी मोजणीसुद्धा नाही, त्याचं.

तो गडबडला नाही. खिशातला रुमाल काढला, पाहिला, परत ठेवला. "हा स्वच्छ नाही," म्हणाला, आणि कॅफेवाल्याकडून प्रिंटरचा कोरा कागद मागून आणला. "याच्यावर रडा आणि उरलेल्यावर आपण वंशावळ काढू."

"तुम्ही येडे आहात का?"

"थोडा. पुढच्या शनिवारी याल?"

"शनिवारी मी कधीच येत नाही."

तो बराच वेळ माउसशी खेळत राहिला. मग अगदी सहज विचारल्यासारखं, "शनिवारी... कोण असतं?"

"देव," मी म्हटलं. "आमचा शब्बाथ असतो."

त्याच्या चेहऱ्यावर जे हसू पसरलं ना... देवाचं नाव ऐकून इतका आनंद झालेला माणूस मी पाहिला नव्हता, आणि तोही बुद्धविहारात जाणारा!

वंशावळीत बायका म्हणजे गोल, पुरुष म्हणजे चौकोन. आजार झाला असेल तर आत रंग भरायचा. आईचा गोल त्यानं स्वतः रंगवला नाही, पेन्सिल माझ्या हातात दिली. मावशीचाही मीच रंगवला. त्यांच्या वरचा गोल आजीचा. ती कशानं गेली? टायफॉइडनं, असं आई सांगायची.

"एकदा पपांना विचारून बघा," संघपाल म्हणाला.

शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ लागतो. त्याचा दिवा लावून झाल्यावर मी विचारलं. पपा ताटातली भाकरी मोडत होते. हात तसाच राहिला.

"कशाला पाहिजे तुला?"

"पपा, मला खरं सांगा."

त्यांनी भाकरी ताटात ठेवली. मग ते म्हणाले, "छातीत गाठ होती. लोकांना टायफॉइड सांगितलं. दोन मुली लग्नाच्या होत्या घरात."

"आणि तुम्ही?"

"मी जावई. मला तुझी आई आजारी पडली तेव्हा कळलं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "अबी, ठाण्याचे लोक पुढच्या महिन्यात मुलगी बघायला येतायत. चांगलं स्थळ आहे. आपल्यातलं आहे. उगीच काही बोलू नकोस."

त्या वेळी माझ्यातही कुठे होती हिंमत? पण आजीचा गोल रंगवताना पेन्सिलीचं टोक तुटलं, आणि मी ठरवलं. ठाण्याला पत्र लिहिलं, दोन पानी, सगळं सरळ. आजी, आई, मावशी. ‘मलाही हा धोका असू शकतो. तपासणी करून घेणार आहे.’ उत्तर आलं नाही. ते लोकही आले नाहीत. पपा महिनाभर माझ्याशी कामापुरतं बोलले.

संघपालला सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "चांगलं पत्र असणार." मग थोड्या वेळानं, "माझं आडनाव ऐकल्यावर दिल्लीत तीन घरमालकांनी खोली दिली नाही. चौथ्यानं दिली. चौथा असतो कुठेतरी."

"तुम्ही चौथे आहात का?" असं मी विचारलं नाही. जिभेवर आलं होतं.

एका सरकारी इस्पितळात जनुकशास्त्राचा लहानसा विभाग आहे, हे त्यानंच शोधून काढलं. तिथल्या डॉक्टर अलकनंदा मिश्रा. पांढरे केस, पायात कॅनव्हासचे बूट. त्यांनी आमची वंशावळ उलटसुलट करून पाहिली.

"ये किसने बनाया?" त्यांनी विचारलं.

"चावलवाले ने," मी म्हटलं, आणि संघपालचे कान लाल झाले.

त्यांचं म्हणणं सोपं होतं. इंटरनेटवरचे तीन बदल तुझ्यात शोधून मिळाले नाहीत, तर तू सुटलीस असं होत नाही. आधी मावशीचं रक्त तपासायचं, कारण आजार तिला आहे. तिच्यात नेमका बदल सापडला, तर तोच तुझ्यात शोधता येईल. सापडलाच तरी धोका म्हणजे आजार नव्हे. नियमित तपासण्या असतात, पुढे ऑपरेशनंही असतात. ठरवणारी तू.

मी मावशीला लिहिलं. तिनं लिहिलं, ‘देते बाळा. हे रक्त निदान कशाच्या तरी कामी येऊ दे.’ आणि मग सुरू झालं थांबणं.

पण काय सांगू... माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत सुंदर वर्ष ते. दर गुरुवारी ऑफिसची गाडी मला मुनिरक्याला सोडायची. आम्ही ई-मेल बघायचो. मावशीचं काही नसायचं. मग त्या अरुंद गल्ल्यांतून बाहेर पडायचं. वर तारांचं जाळं, खाली म्हशी, मधे मणिपूरच्या मुली मोमो विकत बसलेल्या. तो मला पेशी समजवायचा, मी त्याला मलिदा कसा करतात ते सांगायची. भिजवलेले पोहे, गूळ, नारळ, त्यावर फळं, आणि एलियाहू संदेष्ट्याचं नाव घ्यायचं.

"एवढं करून फक्त पोहे?" तो म्हणायचा.

"तुमच्याकडे काय असतं?"

"खीर. पौर्णिमेला. आई करते तशी कुणी करत नाही."

"मला कधी मिळणार?"

तो थांबायचा. बोलायला तोंड उघडायचा... आणि म्हणायचा, "बस आली तुमची."

ऑगस्टमध्ये एकदा असा पाऊस झाला की पालमचा रस्ता बुडाला. बसस्टॉपच्या पत्र्याखाली वीस माणसं आणि एक बकरी. गर्दीत तो माझ्या इतका जवळ उभा होता की स्वेटर नसतानाही मला त्या लांब बाहीची आठवण झाली. पाणी घोट्यापर्यंत आलं.

"चप्पल काढा," तो म्हणाला.

"तुम्ही काढा ना."

"अगं, तुझी नवी आहे!"

पत्र्यावर पाऊस वाजत होता. ‘तू’ असं चुकून निसटलं होतं, आणि परत घ्यायचं त्याला सुचत नव्हतं. मी चप्पल काढून हातात घेतली.

"तूही काढ," मी म्हटलं.

नोव्हेंबरात मावशीच्या मुलाचा ई-मेल आला. बदल सापडला होता. त्या पानावरच्या तीन बदलांपैकी एकही नव्हता, दुसराच होता. संघपालनं ती आकड्यांची ओळ वहीत उतरून घेतली, दोनदा पडताळली. मग तिसऱ्यांदाही. तांदळासाठी इतकं पडताळतो का कधी कुणी?

डिसेंबरात मी रक्त दिलं. डॉक्टरांनी चार जानेवारीला बोलावलं. बाहेर आलो तर इस्पितळाच्या हिरवळीवर कोवळं ऊन होतं. पेशंटांचे नातेवाईक पाय पसरून बसलेले. शेंगदाण्यांची फोलपटं.

"बस जरा," तो म्हणाला. "मला बोलायचंय. आजच."

"आजच का?"

"चार तारखेनंतर बोललो तर तुला वाटेल, रिपोर्ट चांगला आला म्हणून बोलला. किंवा..." त्यानं गवताची काडी उपटली. "वाईट आला, म्हणून दया आली. दोन्ही मला नको. म्हणून आधीच विचारतो. अबी, माझ्याशी लग्न करशील?"

माझ्या कानांत वारं शिरल्यासारखं झालं. एवढं वर्ष मी हेच ऐकायला थांबले होते, आणि आता ऐकवत नव्हतं.

"संघपाल, तुला कळतंय का तू काय... मुलं झाली तर त्यांनाही... आणि मी आईसारखी..."

"मला सगळं कळतं. मीच तर तुला समजावलंय."

"मी आज उत्तर नाही देणार."

"नको देऊस. चारला दे, दहाला दे. मी प्रश्न कधी विचारला, तेवढं फक्त लक्षात ठेव."

चार जानेवारीला दिल्लीत असं धुकं होतं की इस्पितळाचं फाटक दिसत नव्हतं. आत मी एकटी गेले, मीच तसं सांगितलं होतं. डॉक्टर अलकनंदांनी माझा हात हातात घेतला तेव्हाच मला समजलं. त्या पुढे बरंच बोलल्या. वर्षातून कितीदा यायचं, काय तपासायचं. मी सगळं लिहून घेतलं. अक्षरसुद्धा चांगलं आलं.

बाहेर तो चहाचे दोन कुल्हड घेऊन उभा होता. दोन्हींतला चहा गार झालेला.

"आहे," मी म्हटलं.

तो कठड्यावर बसला. कुल्हड खाली ठेवले.

"घाबरलास?"

"हो," तो म्हणाला. "फार."

त्याच क्षणी माझं ठरलं. ‘काही होणार नाही’ म्हणाला असता, तर मी त्याला बसमध्ये बसवून परत पाठवलं असतं. मी त्याच्याजवळ बसले. धुक्यात कुणाला काही दिसत नव्हतं. मी त्याचा हात धरला, पहिल्यांदाच.

"मीही फार घाबरलेय," मी म्हटलं. "आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर हो आहे."

तो रडला. रुमाल काढला. या वेळी स्वच्छ होता.

त्या संध्याकाळी पपांना दोन्ही गोष्टी एकदमच सांगितल्या. रिपोर्ट, आणि संघपाल. मला वाटलं होतं, पहिल्यावर ते खचतील आणि दुसऱ्यावर चिडतील. आपल्यातली मोजकी घरं उरलीत दिल्लीत, त्यातून एकुलती मुलगी बाहेर जाणार... ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. मी आत वाट बघत राहिले.

परत आले ते माझ्याजवळ येऊन बसले.

"तुझ्या आईला लग्नाआधी मला आजीचं सांगायचं होतं," ते म्हणाले. "घरच्यांनी सांगू दिलं नाही. मग पंधरा वर्षं तिनं ते एकटीनं वागवलं. एकाच घरात, माझ्या शेजारी झोपून. शेवटी इस्पितळात बोलली, तेव्हा म्हणाली, तुम्ही रागावाल म्हणून भीती वाटायची. मी कशाला रागावलो असतो गं?"

मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं.

"याला तू सगळं सांगितलंस?"

"त्यानंच मला सांगितलं, पपा. वाचून, समजावून."

"शुक्रवारी जेवायला बोलाव," ते म्हणाले.

पुढचं आयुष्य सांगायचं तर एवढंच — मार्चमध्ये आम्ही कोर्टात लग्न केलं. भंडाऱ्याहून सासूबाई आल्या, रमाबाई. रिबेका मावशी लग्नाचा फोटो बघेपर्यंत जगली, त्यानंतर चार महिन्यांनी गेली. मी दर सहा महिन्यांनी तपासणीला जात राहिले, मुलगी झाल्यावर छातीचं आणि पोटाचं अशी दोन्ही ऑपरेशनं करून घेतली, आणि आज पन्नाशीत तुम्हांला ही गोष्ट सांगते आहे. द्वारकेत आता वाळूचा ढीग शोधूनही सापडत नाही, आणि मुनिरक्यातल्या त्या तळघरात कुरिअरचं गोदाम आहे.

पण मन जातं ते त्या शुक्रवारकडे. संघपाल सूर्यास्ताच्या तासभर आधीच येऊन बसला होता, इस्त्रीच्या सदऱ्यात, पाठ ताठ करून. पपा रेल्वेविषयी बोलले, तो भाताविषयी बोलला, दोघांनाही एकमेकांचं काही कळलं नाही. मग मी दिवा लावला. पपांनी टोपी घातली आणि प्रार्थना म्हणायला बेदाण्यांच्या सरबताचा पेला उचलला.

"मीपण डोकं झाकू का?" संघपालनं हळूच विचारलं.

पपांनी पेला खाली ठेवला. कपाटातून आपली दुसरी टोपी काढली, लहानशी, निळ्या मखमलीची, आणि त्याच्या डोक्यावर ठेवली. ती घसरली. पुन्हा ठेवली, पुन्हा घसरली. त्या दाट कुरळ्या केसांवर ती टिकेचना. मी हसू दाबत होते.

पपा आतल्या खोलीत गेले. पेटी उघडल्याचा आवाज आला. आई गेल्यापासून अकरा वर्षांत तिची ती पेटी त्यांनी मलाही उघडू दिली नव्हती. बाहेर आले ते आईची केसांची काळी पिन घेऊन. संघपालच्या समोर उभे राहिले, त्याचं डोकं जरा पुढे वाकवलं, आणि टोपी नीट बसवून ती पिन हळूच लावली.

"आता हलणार नाही," ते म्हणाले, आणि पेला पुन्हा उचलला.